दार न लागणाऱ्या खोलीतले समुपदेशन : तासगाव तालुक्यातील एक प्रकरण

हे प्रकरण डिसेंबर २०२४ ते जुलै २०२५ या काळातले आहे. संबंधित व्यक्तीच्या लेखी संमतीने ते मांडत असून, ओळख पटू नये म्हणून गावाचा उल्लेख टाळला आहे आणि कुटुंबाचे काही तपशील बदलले आहेत. गावात त्यांना लहानथोर सगळे ‘बाई’ म्हणतात. येथेही मी तेच संबोधन ठेवले आहे. मी सांगलीत विश्रामबाग भागात मानसशास्त्रीय समुपदेशन करते. २०२० च्या टाळेबंदीपासून माझ्या कामाचा मोठा भाग व्हिडिओ कॉलवर चालतो.

पार्श्वभूमी

बाई ४३ वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. घर तासगाव तालुक्यात, शाळा तेथून नऊ किलोमीटरवर, जाणे-येणे स्कूटरने. घरात पती, सासूबाई आणि दहावीतली मुलगी. मोठा मुलगा ‘नीट’च्या तयारीसाठी लातूरला. सासूबाईंना बाई आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे ‘आत्या’ म्हणतात. आत्यांना मधुमेह, दिवसातून दोनदा इन्सुलिन, आणि गुडघ्यांमुळे चालणे घरापुरतेच. उत्पन्नाचे दोन आधार होते, बाईंचा पगार आणि द्राक्षबाग. पगार ठरल्या तारखेला येणारा आणि बाग कधी काय करील याचा भरवसा नसलेली, त्यामुळे विकास सोसायटीच्या कर्जापासून लातूरच्या शिकवणीपर्यंत प्रत्येक वर्षाची ओढाताण अखेर पगारावर येऊन थांबत असे.

२०२४ हे वर्ष शिक्षकांना विशेष जड गेले. मे महिन्यात लोकसभेचे मतदान, २० नोव्हेंबरला विधानसभेचे, आणि बाईंकडे बीएलओचे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे) काम असल्याने वर्षभर मतदारयाद्या, घरोघरी पडताळणी आणि तहसील कार्यालयातल्या बैठका. त्याच सुमारास फळछाटणी झालेली बाग फुलोऱ्यात असताना पाऊस झाला, दावण्या या बुरशीरोगाच्या भीतीने फवारण्यांवर फवारण्या सुरू झाल्या आणि पतीचा मुक्काम जवळजवळ बागेतच पडला. घरातली कामे कोणी वाटून घेतली नाहीत. ती वाटून घ्यायची असतात हा विषयच कधी निघाला नव्हता.

अडचण

बाईंना पहाटे तीनला जाग येई आणि पुन्हा झोप लागत नसे. डोके दुखे, छातीत धडधड होई, वर्गात एखाद्या मुलाने पाटी आपटली तरी अंगावर काटा येई. एका मुलावर त्या इतक्या ओरडल्या की तो दुसऱ्या दिवशी शाळेतच आला नाही. “मला काय झालंय तेच कळंना,” हे त्यांचे माझ्याशी बोललेले पहिले वाक्य.

माझ्याकडे येण्यापूर्वी त्यांनी टेलि-मानसला फोन केला होता. ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येते. रात्री अकराला न्हाणीघरात, बादलीत नळ सोडून, त्या अकरा मिनिटे बोलल्या होत्या. पलीकडच्या व्यक्तीने शांतपणे ऐकून घेतले आणि नियमित समुपदेशन घ्यावे असे सुचवले. नळ सोडण्याचा हा तपशील बाईंनी मला पहिल्याच बैठकीत सांगितला होता. मी तो वहीत लिहूनही घेतला आणि त्याचा अर्थ मात्र लावला नाही. पुढची बरीचशी चूक या न लावलेल्या अर्थातून झाली.

पहिला निर्णय : प्रत्यक्ष की ऑनलाइन

पहिली भेट समोरासमोर व्हावी असा माझा साधारण नियम आहे. तासगाव ते सांगली अंतर २५ किलोमीटरच्या आसपास. अशक्य काहीच नव्हते. पण शाळा सुटल्यावर एसटीने यायचे म्हटले तर परतायला रात्र, रविवारी आत्यांजवळ कोणी नाही, आणि “दर आठवड्याला सांगलीला कशाला?” या प्रश्नाला तयार उत्तर नाही. शिवाय सांगली-मिरजेच्या दवाखान्यांत तालुक्यातले कोणी ना कोणी भेटतेच. व्हिडिओवर हे सगळे टळत होते, म्हणून मी नियम बाजूला ठेवला.

ऑनलाइन सुरुवात करताना जे विचारायचे असते ते विचारले. बैठकीच्या वेळी त्या नेमक्या कोठे असतील, तातडीची वेळ आली तर कोणाला कळवायचे (मिरजेतल्या बहिणीचा क्रमांक मिळाला), फोन मध्येच तुटला तर काय करायचे, कोणीही ध्वनिमुद्रण करायचे नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ गोपनीयतेचा हक्क देतो, आणि जिवाला धोका दिसला तर त्या हक्कालाही मर्यादा येते, हेही समजावले. चिंतेची तीव्रता पाहणाऱ्या जीएडी-७ या प्रश्नावलीत २१ पैकी १४ गुण आले, म्हणजे मध्यम पातळीची वरची कड. नैराश्यासाठीच्या पीएचक्यू-९ मध्ये २७ पैकी ११.

थकवा आणि धडधड यांचे खापर सरसकट मनावर फोडणे धोक्याचे असते. पंडुरोग (रक्तक्षय) आणि थायरॉइडचा बिघाड हुबेहूब असाच दिसू शकतो, म्हणून त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यायला सांगितले. थायरॉइड व्यवस्थित होते, हिमोग्लोबिन ९.४ निघाले आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. या एका तपासणीने सगळे सुटले नाही, पण “म्हणजे मी ढोंग करत नाही” असे त्या म्हणाल्या. हा संशय त्यांच्या मनात कोणी घातला होता ते त्या वेळी मी विचारले नाही.

तिसऱ्या बैठकीत काय घडले

पहिल्या तिन्ही बैठका रविवारी दुपारी बाईंच्या झोपण्याच्या खोलीतून झाल्या. खोलीला दार होते, पण दिवसा ते लावायची त्या घरात पद्धत नव्हती. शेजारच्या सोप्यात आत्यांचा पलंग. पहिल्या बैठकीत मोकळ्या वाटलेल्या बाई दुसऱ्या बैठकीत “हो”, “बरं”, “तसं काही नाही” एवढ्यावर आल्या. मी टिपणात लिहिले : ‘प्रतिसाद त्रोटक, विषय टाळण्याकडे कल.’ आज ते टिपण वाचताना मला संकोच वाटतो. त्या विषय टाळत नव्हत्या. दोन हातांवर माणूस बसलेले असताना त्या बोलत होत्या.

याच दुसऱ्या बैठकीत त्या एकदा म्हणाल्या, “कुठंतरी निघून जावंसं वाटतं.” अशा वाक्यापाशी थांबावेच लागते. जीव द्यावा असे मनात येते का, असे मी सरळ विचारले. त्या “नाही” म्हणाल्या आणि मी पुढे गेले.

तिसऱ्या बैठकीत आत्यांविषयी बोलता बोलता बाईंचा आवाज एका क्षणात बदलला. चेहऱ्यावरची रेषही न हलवता त्या म्हणाल्या, “हो मॅडम, तो अहवाल उद्या केंद्रप्रमुखांकडं पाठवते.” मागून काठीचा आवाज आला, कोणीतरी कपाट उघडले, बंद केले. दीड मिनिट आम्ही दोघींनी शाळेच्या एका अहवालावर बोलून काढले. तो अहवाल अस्तित्वातच नव्हता. मग न्हाणीघरातला नळ मला आठवला.

आणि लगेच दुसरी गोष्ट आठवली : आठवड्यापूर्वीचे ते “नाही” कोणाच्या समोर दिलेले होते? उघड्या दारासमोर दिलेले सुरक्षिततेचे उत्तर हे उत्तरच नव्हे. तेव्हा मी प्रश्नाची घडण बदलली आणि म्हणाले : मी विचारते, तुम्ही फक्त आकडा सांगा; शून्य म्हणजे असे कधीच मनात येत नाही, दहा म्हणजे आत्ताही येते आहे. ऐकणाऱ्याला वाटेल, पटावरची संख्या सांगताहेत. उत्तर आले, “शून्य.” काही योजना, साधन, आधी कधी प्रयत्न? “तिन्हीत शून्य, मॅडम.” तेवढ्यावरही न थांबता बैठक मी तेथेच संपवली, आणि संध्याकाळी त्या दूध घालायला डेअरीवर गेल्या असताना रस्त्यावरून त्यांच्याशी पुन्हा बोलले. निघून जाणे म्हणजे त्यांच्या लेखी माहेरी चार दिवस झोपणे होते. हे ऐकून मला हायसे वाटले, आणि ते आठ दिवस उशिरा कळल्याचे वाईटही वाटले.

पर्याय

घरबसल्या समुपदेशन हा ऑनलाइन पद्धतीचा मोठा गुण म्हणून सांगितला जातो. पुण्यामुंबईत एकट्या राहणाऱ्या नोकरदारासाठी तो असेलही. ज्या बाईचा ताण घरातच आहे आणि जिच्या घरात दार लावणे हीच बातमी होते, तिच्यासाठी घर ही सर्वांत अवघड जागा असते. म्हणून जानेवारीत आम्ही उपचाराची पद्धत बाजूला ठेवून एक आख्खी बैठक ‘बसायचे कोठे’ या एकाच प्रश्नाला दिली. तीही डेअरीच्या रस्त्यावरून, नुसत्या आवाजावर.

गच्चीवर रेंज चांगली होती, पण शेजारची गच्ची चिकटून. बागेतले शेड निवांत, मात्र तेथे मजूर आणि पती. लिहून संवाद करावा म्हटले तर बाईंचा फोन संध्याकाळी मुलीच्या हातात असे. लिहिलेले राहते, बोललेले विरते, असे त्यांनीच म्हटले. महिन्यातून एकदा सांगलीला प्रत्यक्ष येणे आणि मधल्या काळात काहीच नाही, हाही पर्याय होता. झोप इतकी उडालेली असताना तो मला विरळ वाटला. घरात सरळ सांगून टाकावे हा पर्याय मी मांडला तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या. “सांगीन, पण आत्ता नाही. आत्ता सांगितलं तर त्यातच माझं आठ दिवस जातील.” हा निर्णय त्यांचा होता आणि तो मला समजूतदार वाटला. कुटुंबाला विश्वासात घ्या हा सल्ला आपण समुपदेशक फार सहज देतो, आणि त्यानंतर होणाऱ्या वादाचा खर्च मात्र समोरच्याने सोसायचा असतो.

उरली शाळा. शनिवारी शाळा सकाळची असते. मुले गेल्यावर कार्यालयाची खोली रिकामी. पण तेथे बसायचे तर मुख्याध्यापिकांची परवानगी हवी. ‘ऑनलाइन प्रशिक्षण आहे’ असे सांगण्याचा मोह बाईंना झाला. खोटे सांगू नका असे मी म्हटले नाही. एवढेच विचारले की दर शनिवारी नवे प्रशिक्षण कोठून आणणार. सोमवारी त्यांनी मोठ्या बाईंना खरे सांगितले. मोठ्या बाईंनी काही न विचारता कपाटाच्या जुडग्यातून किल्ली काढून दिली आणि जाताना पंखा बंद करायला सांगितले.

केलेली कृती

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासून बैठका शनिवारी, शाळेच्या कार्यालयातून, ४५ मिनिटांच्या होऊ लागल्या. कोणी आत आले तर ‘हजेरीपत्रक पाठवते’ एवढे म्हणायचे आणि मी फोन ठेवायचा, अशी खूण ठरवली. ती एकदाच वापरावी लागली, शिपाईमामा घंटा ठेवायला आले तेव्हा.

उपचाराचा भाग तसा नेहमीचा होता, म्हणून थोडक्यात सांगते. बाईंनी आठवडाभर दर अर्ध्या तासाची नोंद ठेवली; पहाटे पावणेपाच ते रात्री साडेदहा या वेळात स्वतःसाठीची जागा दिवसाला सरासरी वीस मिनिटे निघाली, तीही स्कूटरवरची. दिवसभर मनात घोळणाऱ्या काळज्यांना संध्याकाळची पंधरा मिनिटे नेमून दिली. त्या वेळेत वहीत लिहायचे, इतर वेळी आलेली काळजी त्या वेळेवर ढकलायची. पहाटे जाग आली तर अंथरुणात तळमळत न पडता उठून बसायचे आणि झोप आली की परत जायचे. आणि सर्वांत कठीण काम : घरातले एक काम दुसऱ्याला सांगण्याचा सराव. माझ्यासमोर ते वाक्य सहा वेळा म्हणून झाले. “अहो, संध्याकाळचं इन्सुलिन आजपासून तुम्ही द्याल का?” सातव्या वेळी त्यातला ‘का’ गळला.

हे वाक्य घरी बोलायची वेळ येण्याआधीच एक न ठरवलेली गोष्ट घडली.

फेब्रुवारीचा संदेश

बाई बैठकीचे ६०० रुपये फोनवरून भरत. पैसे त्यांच्याच पगाराच्या खात्यातून जात. पण ते खाते वीस वर्षांपूर्वी उघडताना क्रमांक पतीचा दिला होता, आणि बँकेचा प्रत्येक संदेश आजही पतीच्या फोनवर येत होता. बागेच्या काढणीचे दिवस, दलाल भाव पाडून मागत होता, २१ फेब्रुवारीला मुलीची दहावीची परीक्षा सुरू झालेली, आणि अशा वेळी पतीच्या लक्षात आले की दर शनिवारी एकाच नावाला सहाशे रुपये जात आहेत. रात्री जेवताना, मुलीसमोर, त्यांनी विचारले, “हे पैसे कुणाला जात्यात?”

पैशांचा संदेश कोणाच्या फोनवर जातो, हा प्रश्न माझ्या सुरुवातीच्या यादीत नव्हता. खोली, बहीण, ध्वनिमुद्रण, सगळे विचारले आणि हे राहिले. गोपनीयतेची भिंत आम्ही इतकी नीट बांधली, तरी ती बँकेच्या बाजूने उघडी होती. ही उणीव माझी, बाईंची नव्हे.

बाईंनी ताटावरून न उठता उत्तर दिले, की झोप येत नाही म्हणून एका बाईंशी बोलते. पती काही बोलले नाहीत, आत्या म्हणाल्या, “आमच्या वेळी झोप न येण्याएवढी सवडच नव्हती.” दुसऱ्या दिवशी पतीने मला थेट फोन केला. येथे पुन्हा ठरवावे लागले. बाईंनी मागे एकदा, “तुम्हीच ह्यांना समजावा,” असे म्हटले होते, आणि फोन हातात असताना ते सोपेही होते. पण त्यांच्या अपरोक्ष मी एक शब्द जरी बोलले असते, तर शनिवारची ती खोली पुन्हा घरासारखी झाली असती. बाई माझ्याकडे येतात की नाही हेसुद्धा मी सांगू शकत नाही, तुम्ही त्यांच्याशी बोला, असे मी सांगितले. ते चिडले, आणि चिडणे स्वाभाविक होते. त्यांच्या खिशात संदेश होता.

मार्चमध्ये, बाईंच्या इच्छेने, तिघांची एक बैठक झाली. बाई शाळेतून, पती शेडमधून, मी सांगलीतून. ती निम्मी फसली. पती पंचवीस मिनिटे द्राक्षांचा दर, औषधांच्या दुकानाची उधारी आणि सोसायटी यांवर बोलले आणि मी त्यांना थांबवले नाही. बाई ऐकत राहिल्या, म्हणजे घरी रोज करतात तेच त्या येथेही करत राहिल्या. शेवटच्या दहा मिनिटांत बाईंनी मला बाजूला सारून ते वाक्य म्हटले, ‘का’ न लावता. पती म्हणाले, “मला सुई टोचायची भीती वाटते.” लग्नाला वीस वर्षे झाली होती आणि बाईंना हे पहिल्यांदाच कळत होते. त्यांना वाटत आले होते, की ते काम पतीला कमीपणाचे वाटते.

परिणाम

इन्सुलिन पती लगेच देऊ लागले नाहीत. मुलगी परीक्षा संपल्यावर शिकली आणि मग वडिलांना तिने शिकवले. एप्रिलपासून संध्याकाळचे काम त्यांच्याकडे गेले. पहाटेच्या स्वयंपाकाची वाटणी झाली नाही. नव्या वर्षात बीएलओच्या कामातून सुटका मिळावी म्हणून बाईंनी अर्ज दिला. त्यावर मेअखेरपर्यंत काही झाले नव्हते. आत्यांचे मत बदलले नाही आणि ते बदलावे हे उद्दिष्टही आम्ही ठेवले नव्हते.

मेच्या मध्यावर, बाराव्या बैठकीला, जीएडी-७ चे गुण ६ आणि पीएचक्यू-९ चे ५ होते. झोप साडेचार तासांवरून सहावर आली होती. हिमोग्लोबिनही सुधारले होते, त्यामुळे यातले किती गोळ्यांचे, किती बैठकांचे आणि किती काढणी व परीक्षा एकदाच्या संपल्याचे, हे वेगळे करून सांगता येणार नाही. ४ मे रोजी मुलाची ‘नीट’ झाली. त्या आठवड्यात बाई दोन रात्री पुन्हा जाग्या राहिल्या, पण घाबरल्या नाहीत, असे त्यांनी आवर्जून सांगितले.

आता मी काय वेगळे करते

पहिल्याच बैठकीत मी आता घराचा नकाशा काढून घेते : दारे कोणती, कोणाचा पलंग कोठे, आवाज कोठपर्यंत जातो. ‘तुम्ही एकट्या आहात ना?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण एकटी नसलेली बाईही त्याला “हो” म्हणते. त्याऐवजी कॅमेरा खोलीभर फिरवायला सांगते. सुरक्षिततेचे प्रश्न पहिल्यापासून आकड्यांत विचारते. बँकेचा संदेश, फोनचे कुलूप, आणि माझे नाव त्यांच्या फोनमध्ये कोणत्या नावाने साठवले आहे, हेही विचारते. त्रोटक उत्तरांना स्वभाव म्हणण्याआधी जागा तपासते. तिघांच्या बैठकीत प्रत्येकाची वेळ सुरुवातीलाच बांधून देते.

एक गोष्ट मात्र अजून ठरत नाही. पहिली भेट प्रत्यक्ष झाली असती, तर दाराचा प्रश्न तीन आठवडे आधी सुटला असता, असे मला वाटते. पण प्रत्यक्ष यायची अट घातली असती तर बाई आल्याच नसत्या, असे त्या म्हणतात.

पाठपुरावा

जुलैमध्ये ठरल्याप्रमाणे मी फोन केला. शनिवार नव्हता आणि बाई शाळेत नव्हत्या; तव्याचा आवाज येत होता. मागून आत्यांनी विचारले, कोण आहे. बाई आवाज न बदलता म्हणाल्या, “माझ्या सांगलीच्या मॅडम.” मग मला म्हणाल्या, झोप बरी आहे, बाकीचे शनिवारी बोलू, आता भाकऱ्या थापायच्यात, आणि त्यांनी फोन ठेवला.